नटावरची लाल खूण

रविवार, १८ जानेवारी २०२६, पेण

कालच्या घटनेविषयी गावात जे बोलले जाईल ते अचूक असणार नाही, म्हणून वस्तुस्थिती क्रमाने नोंदवून ठेवते.

एक. गाडी १९३७ सालची, चार दारांची. तिचे ब्रेक संपूर्णतः यांत्रिक आहेत. तेल नाही, नळी नाही. पेडल दाबले की गाडीखालची आडवी दांडी फिरते, दांडीला जोडलेल्या चार सळया ओढल्या जातात आणि प्रत्येक सळई आपापल्या चाकातला ब्रेक लावते. सळईची लांबी टोकाच्या नटाने कमीजास्त करता येते. ही रचना मी चौतीस वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवली आहे. निवृत्तीनंतर गाडी घेतली ती याच रचनेसाठी.

दोन. ७ जानेवारीला गाडी रोह्यालगतच्या अष्टमी गावच्या काळुराम घरत या मेकॅनिककडे चारही चाकांचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या घर्षणपट्ट्या, बदलण्यासाठी दिली. पेणपासून रोह्यापर्यंत जुन्या गाड्यांचे ब्रेक त्याच्याइतके कोणाला कळत नाहीत, असे सांगण्यात आले होते. सोबत सात कलमांचा टंकलिखित कागद दिला. कलम चार: पुढच्या दोन्ही सळयांची लांबी समान असावी.

तीन. १४ तारखेला गाडी ताब्यात घेतली. चाचणीसाठी आम्ही दोघे खांब गावापर्यंत जाऊन आलो. गाडी प्रत्येक वेळी सरळ थांबली. वाटेत तो सळयांविषयी काही सांगू पाहत होता. मी त्याला कागद वाचला का, एवढेच विचारले. तो म्हणाला, "म्याडम, ब्रेक चाकात बघायचा असतो, सळईत नाय." मी विषय तिथेच संपवला.

चार. १५ तारखेला गाडी जॅकवर उचलून मी स्वतः तपासणी केली. डावी सळई उजवीपेक्षा ८.४ मिलिमीटर लांब निघाली. कलम चारचा सरळ भंग. शिवाय नटांवर लाल रंगाचे डाग पडलेले होते. कामातली ही गचाळ सवय मला खपत नाही. डाग रॉकेलने पुसून काढले आणि दोन्ही सळया ०.१ मिलिमीटरपर्यंत समान केल्या. मोजमाप बिनचूक असताना चाचणी ही केवळ पुनरुक्ती असते, म्हणून गाडी बाहेर काढली नाही.

पाच. काल, १७ तारखेला, सकाळी साडेदहाच्या सुमारास गणपतीच्या कारखान्यांच्या आळीतून जाताना समोर सायकल आली म्हणून ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली आणि मूर्तिकार जितेशच्या कारखान्यापुढे फळीवर वाळत ठेवलेल्या कच्च्या मूर्तींवर गेली. अकरा मूर्ती फुटल्या. माणसाला इजा नाही. जितेशच्या नुकसानीचे कालच मिटले.

सहा. मी काळुरामला फोन केला. तो मोटारसायकलवरून दुपारच्या आत पोहोचला. तोवर चाळीसेक माणसे जमली होती आणि बायकांनी गाडी चालवावी की नाही, यावर प्रत्येकाचे मत देऊन झाले होते. काळुराम गाडीखाली शिरला, पाच मिनिटांनी बाहेर आला, फडक्याला हात पुसले आणि सर्वांसमोर म्हणाला, "माझाच नट ढिला राह्यला. बाईंची चूक नाय."

सात. म्हणजे गुन्हेगाराने चाळीस साक्षीदारांसमक्ष कबुली दिलेली आहे. चौकशी पूर्ण झाली. शिक्षा तेवढी बाकी आहे.


मंगळवार, २० जानेवारी

कोणीतरी मोबाईलवर चित्रण केले आहे आणि ते फिरते आहे. त्यात मी गाडीतून उतरते आणि माझ्या मागे सोंड नसलेला एक गणपती बॉनेटवर बसलेला दिसतो. ज्यांची प्रबंधाची प्रकरणे मी तीन-तीनदा परत केली, त्यांनी हे पाहिले असणार. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले असणार.

जितेशकडे मूर्तींची आखणी करणारी, म्हणजे डोळे रंगवणारी, सुरभी नावाची बाई आहे. ती त्या दिवशी तुकडे गोळा करताना म्हणाली, "बरं झालं, डोळे व्हायचे होते. कुणी धडक दिली ते त्यांनी पाह्यलं नाय." सगळे हसले. मी हसले नाही. आज ते वाक्य आठवून पुन्हा हसले नाही.

काळुरामला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले: सळया असमान का ठेवल्या, नट ढिला कसा राहिला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. तोंडी कबुली वाऱ्यावर जाते. मला ती कागदावर हवी आहे.

पुण्याहून धाकट्या बहिणीचा, अनिताचा फोन आला. "अगं ताई, त्याने कबूल केलं ना, सोड आता." क्षमा हा मुळात आळशी माणसांचा गुण आहे, हे मी तिला सांगितले. तिने फोन ठेवला.


गुरुवार, २२ जानेवारी

जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबची पेण ते रोहा फेरी २२ फेब्रुवारीला आहे. चौदा गाड्या. सर्वांत मागे मदतीची जीप, आणि तिच्यात गेली अकरा वर्षे काळुराम. पत्रिकेवर त्याचे नाव छापतात. जीपवर त्या दिवसापुरता त्याच्या नावाचा फलक लागतो आणि तो वर्षभर त्याच्या गॅरेजच्या दारावर टांगलेला असतो. गाडी घ्यायला गेले तेव्हा मी तो पाहिला होता. त्यावरची धूळ पुसलेली होती. त्या गॅरेजमध्ये तेवढी एकच वस्तू पुसलेली होती.

माणसाला कुठे दुखते हे शोधायला फार बुद्धी लागत नाही. क्लबच्या चिटणीसांना चार पानी तक्रार पाठवली. सोबत ८.४ मिलिमीटरचा तपशील, व्हर्नियरच्या छायाचित्रासह. तक्रार लिहिताना मन इतके शांत होते की चहा गार झाल्याचे कळले नाही.


शनिवार, ३१ जानेवारी

चिटणीसांचे उत्तर आले. यंदाच्या फेरीतून काळुरामचे नाव तात्पुरते काढले आहे. पत्रिका त्याच्या नावाशिवाय छापायला गेली. कायमचे काढायचे असेल तर त्याची स्वाक्षरी असलेली कबुली लागेल, "कारण इतक्या वर्षांत त्याच्याविरुद्ध ही पहिलीच तक्रार आहे."

पहिली तक्रार याचा अर्थ आजवर कोणी मोजलेच नाही.

माझ्या नोंदणीकृत पत्राला अद्याप उत्तर नाही. पोचपावती मात्र आली, तिच्यावर कोणा बायजाबाईची सही आहे. मौन हीही एक प्रकारची कबुलीच, पण ती चिटणीसांना चालणार नाही.


शनिवार, ७ फेब्रुवारी

दुरुस्त मडगार्ड बसवून गाडी कासूकडच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर नेली. खडूने रेघ मारली. ताशी वीस किलोमीटरवरून दहा वेळा ब्रेक लावला. दहाही वेळा गाडी रेघ सोडून डावीकडे गेली. सरासरी विचलन १.१ मीटर.

सळया पुन्हा मोजल्या. समान. नट घट्ट.

नट घट्ट असल्याचे आज प्रथमच नोंदवते आहे. तो ढिला राहिला होता असे काळुराम म्हणाला होता, आणि त्या दिवसानंतर नटाला माझ्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही. मी तो घट्ट केल्याचे मला आठवत नाही. याचा अर्थ सरळ आहे: त्याने कबुलीतही खोटे सांगितले. दोष नटात नाही, लायनरमध्ये आहे आणि तो त्याने नटामागे लपवला. हेही तक्रारीत जोडावे लागेल.


सोमवार, ९ फेब्रुवारी

चारही चाकांचे ब्रेक ड्रम उघडले. प्रत्येक लायनर बारा ठिकाणी मोजला. जाडीतला फरक कोठेही ०.१ मिलिमीटरहून अधिक नाही. रिबिटे एका रेषेत, डोकी सारख्या खोलीवर बसवलेली. माझ्या प्रयोगशाळेत असे काम मी तीन वेळा पाहिले असेन आणि त्या तिघांनाही मी पैकीच्या पैकी गुण दिले होते.

हे चीड आणणारे आहे.


गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज गाडीला हात लावला नाही.


शनिवार, १४ फेब्रुवारी

कबुलीचा मसुदा टंकून घेतला आणि एसटीने रोह्याला गेले. पुलावरून चालत अष्टमीला. जे झाले ते जसेच्या तसे लिहिते.

काळुराम कोणाची तरी रिक्षा बघायला बाहेर गेला होता. गॅरेजच्या दारावर फलक टांगलेला होता, मागच्याच वर्षीचा. आत त्याची बायको, तीच बायजाबाई. साठीची असेल. मला पाहून तिने खुर्चीवरचा पाना उचलला, खुर्ची पदराने पुसली आणि म्हणाली, "बस गो बाय, उभी कशाला." मला 'गो' म्हणण्याचा अधिकार तिला कोणी दिला, हे विचारायचे राहून गेले. आई गेल्यापासून मला तसे कोणी म्हटलेले नाही.

पत्राला उत्तर का दिले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली की पत्र तिनेच वाचून दाखवले. नवऱ्याला सहीपुरते लिहिता येते, बाकी अक्षर लागत नाही. मिठागरावरच वाढलेला माणूस, शाळा कधी पाहिली नाही. माझा सात कलमांचा कागदही तिनेच वाचला होता. "चार नंबरचं कलम दोनदा वाचायला लावलं. मग म्हनाले, ह्या गाडीची आडवी दांडी कधीतरी पिळलेली हाय, सळया सारख्या केल्या तर एक चाक आधी पकडंल. म्याडमला सांगाया पायजे."

समोर रॅम्पवर एक जुनी जीप चढवलेली होती. तिच्या पोटाखाली, सळयांच्या टोकांना, प्रत्येक नटावर आणि सळईवर मिळून एकच लाल रेघ ओढलेली दिसत होती. स्वच्छ, बारीक, एका कुंचल्याच्या फटकाऱ्यात ओढलेली. गणपतीच्या आखणीला वापरतात तसला कुंचला असावा.

ते काय आहे, असे मी विचारले.

"ती व्हय? ती त्यांची खूण. लावलेल्या नटाला कोणी हात लावू नये म्हणून. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, लगेच कळतं." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुमच्याबी गाडीला केलेली. नव्हती का?"

काळुराम त्याच वेळी दारात आला. त्याने ते ऐकले असावे. चप्पल काढता काढता तो बायकोला एवढेच म्हणाला, "बायजा, चहा ठेव."

मी मसुदा पुढे केला. का केला, हे मला आत्ता सांगता येत नाही; हातात होता म्हणून केला. त्याने तो कोणाकडून वाचून घेतला नाही. "कुठं करू सही?" मी जागा दाखवली. त्याने पाच मिनिटे लावून, जीभ दाताखाली धरून, स्वतःचे नाव लिहिले. त्यातला 'ळ' फार सुरेख होता. कागद परत देताना म्हणाला, "आता तरी तुमच्या मनासारखं झालं ना, म्याडम?" टोमणा आहे का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधले. सापडला नाही.

चहा प्यायले. साखर जास्त होती. मी तसे सांगितले नाही.


रविवार, १५ फेब्रुवारी

मी माझ्या नोंदी कधीही खोडत नाही. १८ जानेवारीचे पान उघडले. मुद्दा चार: "नटांवर लाल रंगाचे डाग… रॉकेलने पुसून काढले." अक्षर माझे आहे. घटनेआधीच्या दोन दिवसांत गाडीला हात लागला तो माझा, हेही त्याच पानावर, माझ्याच अक्षरात, क्रमांक घालून लिहिलेले आहे. हे पान माझ्या हाताखालच्या कोणा विद्यार्थ्याने लिहिले असते, तर मी पहिल्याच वाचनात लाल शाईने रेघ ओढली असती.

आडवी दांडी सोडवून सपाट फरशीवर ठेवली. पिळलेली आहे. डोळ्यांना दिसत नाही, कोनमापकाने दिसते. त्याला ती कशाने दिसली? १४ तारखेला, गाडी ताब्यात घेण्याआधी, मी पाहिले होते: पेडलखाली लाकडाचा ठोकळा अडकवून तो एकेक चाक हाताने फिरवत होता आणि फिरवताना डोळे मिटत होता. मी तेव्हा मनात म्हटले होते की डोळे मिटून केलेल्या कामाला शास्त्र म्हणत नाहीत.

डावी सळई ८.४ मिलिमीटरने लांब केली. आकडा लिहून ठेवलेला होता. तोच आकडा, ज्याने मी त्याला आरोपी केले.

पुन्हा कासूचा रस्ता. दहा वेळा ब्रेक. विचलन शून्य. गाडी खडूच्या रेघेवर अशी थांबली की जणू तिला बांधून ठेवले आहे.

मला आनंद झाला नाही. इतका संताप गेल्या महिन्यात एकदाही आला नव्हता. त्या दिवशी गाडीखालून बाहेर येताना त्याला सर्व ठाऊक होते. खूण पुसलेली त्याने पाहिली होती. चाळीस माणसांसमोर एक वाक्य बोलला असता तर माझी चौतीस वर्षे त्या फळीवरच्या मूर्तींबरोबर गेली असती. त्याने ते वाक्य बोलायचे नाकारले. म्हणजे त्याने माझी कीव केली. सूड घेण्याचा यापेक्षा नेमका प्रकार मला आजवर सुचलेला नाही, आणि ज्याला सुचला त्याला अक्षर लागत नाही.

याची परतफेड होईल. ती मी त्याच आळीत, त्याच जागी, तितक्याच माणसांसमोर करीन. त्याने घेतलेली माझी चूक मी त्याच्याकडून काढून घेईन. बघू मग तो काय करतो.


मंगळवार, १७ फेब्रुवारी

निवेदन दीड पानांचे होते. आळीत उभी राहून वाचले. जितेश बाहेर आला, हात मातीने भरलेले. सुरभी कुंचला घेऊन दारात उभी राहिली. शेजारच्या कारखान्यांतले लोकही आले. मी माणसे मोजली, छत्तीस भरली. चाळीस नव्हती, पण मी वाचले. मी स्वतः सळया बदलल्या. मी खूण पुसली. मूर्ती मी फोडल्या. काळुराम घरत निर्दोष आहे.

वाचून झाल्यावर मला कुजबुज अपेक्षित होती, हसू अपेक्षित होते. त्याची तयारी करून गेले होते. जितेश खाली बघत म्हणाला, "आमाला ठावं हाय, बाई."

काय ठाऊक आहे, असे मी विचारले.

"काळूदादानं त्याच दिवशी सांगितलं. तुमी घरी गेल्यावर. म्हनाला, माझी चूक लोक चार दिवसांत इसरतील, मेकॅनिकची काय, रोजचीच. शिकलेल्या माणसाची चूक मेल्यावर पन इसरत नाय. तेव्हा कोणी बोलू नका." आणि मग, "त्याचं जीपमधलं काम गेलं तेवढं वाईट झालं. आमी क्लबवाल्यांना सांगनार होतो. त्यानं शपथ घातली."

म्हणजे महिनाभर ही सर्व आळी माझ्यासमोरून जात-येत होती, मला नमस्कार करत होती आणि गप्प होती. मी भाजी घ्यायला या आळीतून रोज ताठ मानेने गेले.

निवेदनाचा कागद हातात तसाच होता. सुरभी म्हणाली, "बाई, आत या. उन्हात किती उभ्या राहाल." फळीवर नव्या मूर्ती होत्या. अकरांच्या जागी अकरा. तिने त्यांचे डोळे रंगवायला घेतले होते. तीन मूर्तींचे झाले होते. त्या तिघांनी मला पाहिले.


बुधवार, १८ फेब्रुवारी

क्लबला सविस्तर पत्र पाठवले. त्यात 'गैरसमज' हा शब्द नाही. 'माझी चूक' हे शब्द पाच वेळा आहेत. काळुरामने सही केलेल्या कबुलीवर आडवे "हे खोटे आहे, नू. दिघे" असे लिहून ती फाईलला लावली. फाडली नाही. त्यावरच्या 'ळ'साठी.

चिटणीसांचा दुपारी फोन आला. पत्रिका छापून झाल्या आहेत, पण जीप रिकामी आहे. मी त्यांना कळवले की त्या जीपमध्ये काळुराम नसेल, तर माझी गाडी फेरीत नसेल.

अष्टमीला पाठवलेल्या पत्राची नक्कल येथे ठेवते. बायजाबाईंनी वाचून दाखवायचे आहे, म्हणून अक्षर मोठे काढले आहे.

*श्री. काळुराम घरत यांस,*

*१. दिनांक १५ जानेवारी रोजी आपण लावलेल्या सळया मी बदलल्या व आपली खूण पुसली. ती खूण आहे हे मला कळले नाही. कळायला हवे होते.*

*२. दिनांक १७ जानेवारी रोजी आपण माझी चूक माझ्या संमतीवाचून स्वतःच्या नावावर घेतली आणि १४ फेब्रुवारी रोजी तिच्यावर सहीही केली. चूक ही ज्याची त्याची मालमत्ता असते. ती मी काल आळीत जाहीरपणे परत घेतली आहे. यापुढे आपण तिच्यावर हक्क सांगू नये.*

*३. दिनांक २२ रोजी मदतीच्या जीपमध्ये आपली जागा आपल्यासाठी ठेवलेली आहे. फलक मी रंगवून घेत आहे. 'ळ' आपल्या सहीतला काढायला सांगितला आहे.*

*४. मला वाचवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, याचा खुलासा मला हवा आहे. तो न मिळाल्यास मी गप्प बसणारी नाही, हे आपण जाणताच.*

*आपण लिहीत नाही, हे मला आता ठाऊक आहे. म्हणून शुक्रवारी सकाळी गाडी आपल्या दारात आणून उभी करीन. आपण डोळे मिटून चारही चाके फिरवून पाहावीत आणि सारे ठीक वाटल्यास पुढच्या दोन्ही नटांवर आपल्या हाताने लाल खूण करावी. ते उत्तर मी लेखी समजेन आणि पुसणार नाही.*

*तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.*

*डॉ. नूतन दिघे*